इंजिन बंद झाल्यावर काय? गाडीतला फ्रीज निवडण्याआधीचा हिशेब

माझी पहिली शीतपेटी मी दिसण्यावर भाळून घेतली. हलकी, एका हातात मावणारी, झाकणावर दोन कप ठेवायला खळगे. सॉकेटमध्ये पिन खोचली की पंखा गुणगुणायला लागायचा. पहिल्याच मुक्कामात ती रात्रभर जोडून ठेवली. सकाळी दूध कोमट, बाटल्या कोमट, आणि गाडीचा सेल्फ लागेना. किल्ली फिरवली की नुसतं ‘टक्’.

घरी येऊन कागदावर मांडलं, तेव्हा यात नवल काहीच नव्हतं. पेटी न थांबता ४८ वॅट खात होती. १२ व्होल्टवर म्हणजे ४ अँपिअर. दहा तासांचे झाले ४० अँपिअर-तास, आणि गाडीची अख्खी बॅटरी होती ४५ अँपिअर-तासांची. हे पाच मिनिटांचं गणित मी खरेदीआधी केलं असतं, तर ती पेटी घरात आलीच नसती.

तेव्हापासून कुणी विचारलं, ‘कोणता फ्रीज घेऊ?’, तर मी उलट विचारतो: मुक्कामाला तुमच्या गाडीचं इंजिन सलग किती तास बंद असतं? लिटर, आकार, मोबाइलवरून तापमान बदलायची सोय हे सगळं त्यानंतर.

पायरी १: तास मोजा

तुमच्या मागच्या दोन-तीन सहली आठवा. सकाळी निघून रात्री हॉटेलात उतरत असाल, तर इंजिन बंद असायचा सगळ्यात मोठा काळ जेवणाच्या थांब्याचा, म्हणजे एक-दोन तासांचा. रात्री फ्रीज खोलीत नेऊन भिंतीच्या प्लगला लावता येतो. अशा प्रवासाला दुसरी बॅटरी वगैरे काही लागत नाही.

रोज जागा बदलत फिरणारे आणि तंबूत किंवा गाडीतच झोपणारे यांचं इंजिन रात्री १२ ते १४ तास बंद असतं, पण दिवसा चार-पाच तास गाडी चालते आणि बॅटरी भरून निघते. खरा कस लागतो तो एकाच जागी दोन-तीन रात्री तळ टाकणाऱ्यांचा. शुक्रवारी संध्याकाळी पोहोचून रविवारी दुपारी निघायचं म्हटलं तरी ४० तासांच्या वर जातात, आणि तेवढ्या वेळात बॅटरीत आपोआप काहीच भरलं जात नाही.

आपण या तिघांपैकी कोण ते ठरवा. वर्षातून एकदा होणाऱ्या मोठ्या सहलीवरून ठरवू नका. नेहमी जसं फिरता त्यावरून ठरवा.

पायरी २: थंड करायची रीत निवडा

बाजारात एकाच रांगेत मांडलेल्या पेट्या बाहेरून सारख्याच दिसतात, पण आत चार वेगळ्या जाती असतात.

पहिली जात साध्या आइसबॉक्सची. याला हसू नका. १ किलो बर्फ वितळताना साधारण ९३ वॅट-तास एवढी उष्णता शोषतो, म्हणजे १० किलो बर्फ हा ९३० वॅट-तासांचा थंडाव्याचा साठा झाला, तोही वायर-फ्यूजशिवाय. जाड भिंतीची, झाकणाला रबरी पट्टी असलेली पेटी एका रात्रीच्या सहलीला पुरून उरते. तिचे तोटे दोन: पाणी साचतं, आणि बर्फ पुन्हा कुठे मिळेल याची चिंता डोक्यावर राहते. पण महिन्या-दोन महिन्यांतून एकच रात्र बाहेर राहत असाल, तर पुढचा लेख वाचायची गरजही नाही. चांगला आइसबॉक्स घ्या आणि मोकळे व्हा.

दुसरी जात थर्मोइलेक्ट्रिक, म्हणजे माझ्या त्या पहिल्या पेटीची. दोन वेगळ्या धातूंच्या जोडातून वीज वाहिली की एक बाजू गार आणि दुसरी गरम होते, हे फ्रान्सच्या ज्याँ पेल्टिए यांनी १८३४ मध्ये दाखवलं. त्याच तत्त्वावर ही चालते. हलणारा भाग एवढा एक पंखा, म्हणून ती हलकी आणि स्वस्त. पण तिच्या माहितीपत्रकात एक ओळ बारीक अक्षरांत असते: ‘बाहेरच्या तापमानापेक्षा १५ ते २० अंश कमी’. या ओळीचा अर्थ नीट लावा. उन्हात बंद गाडीच्या आत ५० अंश सहज होतात. त्यातून १८ वजा करा, उरले ३२. अशा पेटीत दूध नासायचं थांबत नाही, थोडं उशिरा नासतं इतकंच. शिवाय यातल्या बऱ्याच पेट्यांना थर्मोस्टॅट नसतो, त्यामुळे त्या थांबतच नाहीत. आधीच गार केलेल्या बाटल्या चालू गाडीत गार ठेवायच्या असतील, तर ठीक. मुक्कामाला नको.

तिसरी अ‍ॅब्सॉर्प्शनची. स्वीडनच्या फॉन प्लाटेन आणि मुंटर्स या दोन विद्यार्थ्यांनी १९२२ मध्ये शोधलेली ही युक्ती अजबच आहे: उष्णता देऊन गारवा मिळवायचा. आत अमोनिया, पाणी आणि हायड्रोजन असतो, कॉम्प्रेसर नसतो, त्यामुळे आवाज शून्य. गॅस, १२ व्होल्ट आणि घरची वीज अशा तिन्हींवर चालते. गॅसवर एकाच जागी आठ-आठ दिवस राहणाऱ्यांना हिच्यासारखी सोबत नाही. पण ती सपाट जागेवरच हवी. थोडी कलली तरी आतल्या द्रवाचा प्रवाह अडतो आणि थंडावा जातो. १२ व्होल्टवर ती शंभर वॅटच्या आसपास सतत ओढते, म्हणून बॅटरीवर चालवायचा विचारही करू नका. आणि गॅसवर असताना ती बंद तंबूत किंवा बंद गाडीत कधीही ठेवायची नाही. ज्योतीतून निघणारा कार्बन मोनॉक्साइड वासावरून कळत नाही आणि जीव घेतो. गाडी चालवताना आणि पेट्रोल पंपावर शिरण्याआधी गॅस बंदच हवा.

चौथी कॉम्प्रेसरची, म्हणजे घरच्या फ्रीजचीच धाकटी बहीण. बाहेर ४० अंश असोत की २०, ती आत ४ अंश आणते, बहुतेक मॉडेल उणे १८ पर्यंतही जातात. चालू असताना ४० ते ६० वॅट घेते, पण हवं ते तापमान आलं की थांबते. माझ्या त्या पेटीचे ४८ वॅट आणि हिचे ४५ वॅट कागदावर जवळजवळ सारखेच दिसतात. फरक असा, की ती चोवीस तास जळत होती आणि ही बऱ्यापैकी हवामानात तासातली पंधरा-वीस मिनिटंच चालते. गाडीच्या धक्क्यांचं आणि चढ-उताराचं हिला फारसं काही वाटत नाही. किंमत आणि वजन मात्र दोन्ही जास्त.

इंजिन बंद ठेवून रात्र काढणाऱ्या जवळपास सगळ्यांना मी कॉम्प्रेसरचीच शिफारस करीन. पुढचा हिशेब तिचाच आहे.

पायरी ३: दिवसाची भूक काढा

पाटीवरचे वॅट म्हणजे दिवसाचा खप नव्हे. पाटी सांगते, कॉम्प्रेसर चालू असताना किती. तो तासातला किती वेळ चालतो यावर खरा खप ठरतो.

उदाहरण घेऊ. ४० लिटरचा फ्रीज, चालू असताना ४५ वॅट, आत ४ अंश, बाहेर २५ ते ३० अंश. अशा वेळी तो साधारण एक तृतीयांश वेळ चालतो असं धरा. सरासरी झाली १५ वॅट. चोवीस तासांचे ३६० वॅट-तास, म्हणजे १२ व्होल्टवर ३० अँपिअर-तास. कडक उन्हाळ्यात तो निम्मा वेळ चालला, तर हाच आकडा ५४० वॅट-तास किंवा ४५ अँपिअर-तास होतो. फ्रीझर म्हणून उणे १८ वर ठेवलात, तर दुप्पट-अडीचपट भूक धरूनच चाला.

भूक वाढवणारी आणखी एक गोष्ट लोक विसरतात: आत गरम सामान भरणं. ३० अंशांचं १० लिटर पाणी ५ अंशांवर आणायला त्यातून सुमारे २९० वॅट-तास उष्णता काढावी लागते. आइसबॉक्सच्या भाषेत सांगायचं तर ३ किलोहून जास्त बर्फ नुसता बाटल्या गार करण्यात गेला. म्हणून हे काम घरच्या विजेवर, आदल्या रात्रीच उरकायचं. फ्रीज रिकामा घरी लावा, गार होऊ द्या, मग घरच्या फ्रीजमधून आधीच गार झालेलं सामान त्यात भरा. मुक्कामावर भर दुपारी कोमट बाटल्यांचा क्रेट आत ओतणारे मित्र प्रत्येकाला असतात. त्यांना फ्रीजच्या झाकणापासून लांब ठेवा.

पायरी ४: ती भूक कोण भागवणार?

गाडीच्या मूळ बॅटरीवर विसंबू नका. इंजिन सुरू करताना क्षणभर शेकडो अँपिअर द्यायचे आणि लगेच पुन्हा भरून घ्यायचं, यासाठी ती घडवलेली असते. तासन्‌तास थोडी थोडी वीज काढून ती तळाला नेली की तिचं आयुष्य झपाट्यानं घटतं. काही न जोडता शांत ठेवलेली लेड-अ‍ॅसिड बॅटरी पूर्ण भरलेली असेल तर १२.७ व्होल्ट दाखवते, निम्मी झाली की १२.२, आणि १२ च्या खाली गेली की रिकामी होत आलेली असते.

म्हणूनच बऱ्याच कॉम्प्रेसर फ्रीजमध्ये व्होल्टेज ठरावीक पातळीखाली गेलं की फ्रीज बंद करणारं संरक्षण असतं. त्याला तीन पातळ्या असतात: लो, मीडियम, हाय. मूळ बॅटरीवर चालवत असाल तर ‘हाय’वरच ठेवा, म्हणजे फ्रीज लवकर बंद होईल पण गाडी सुरू होईल. वेगळी बॅटरी असेल तर मीडियम किंवा लो. कोणत्या पातळीला नेमके किती व्होल्ट हे मॉडेलगणिक बदलतं, काहींचं ‘हाय’ही स्टार्टर बॅटरीला पुरेसं हाय नसतं. ही सोय नसलेला फ्रीज घेऊच नका, आणि असलेला घेतलात तर माहितीपुस्तिकेतल्या या पातळ्यांच्या पानावर खूण करून ठेवा.

आता ४२ तासांच्या तळाचा हिशेब. सरासरी १५ वॅट गुणिले ४२, झाले ६३० वॅट-तास. त्यावर ऊन आणि वारंवार उघडझाप यांसाठी पाव भाग वाढवा, साधारण ८००. म्हणजे १२ व्होल्टवर ६६ अँपिअर-तास. लेड-अ‍ॅसिड किंवा एजीएम (तिचीच सीलबंद, न सांडणारी जात) बॅटरीतून निम्मीच क्षमता वापरावी, तर १३० अँपिअर-तासांची बॅटरी लागेल, आणि ती उचलताना कंबर आठवेल. लिथियम आयर्न फॉस्फेटची असेल तर ८० ते ९० टक्के वापरता येते, म्हणून ८० अँपिअर-तासांत भागतं आणि वजनही निम्म्याहून कमी. कडाक्याच्या थंडीत फिरणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं, की ही बॅटरी शून्य अंशाखाली असताना चार्ज करायची नसते.

पॉवर स्टेशन, म्हणजे सॉकेटांसकट मिळणारा बॅटरीचा तयार डबा, घेणार असाल तर आकडा थेट वॅट-तासांत असतो, हिशेब सोपा. फ्रीज मात्र त्याच्या १२ व्होल्टच्या सॉकेटला जोडा. घरगुती प्लगचा अडॅप्टर लावून चालवलात, तर बॅटरीची वीज आधी २३० व्होल्ट होते, मग अडॅप्टरमध्ये पुन्हा खाली येते आणि दोन्ही वेळा थोडी थोडी सांडते.

सौर पॅनेलचं गणित ढोबळ ठेवा. १०० वॅटचं पॅनेल, दिवसात पाच तास भरभक्कम ऊन, आणि धूळ-उष्णता-कोन यांत गेलेला तीस टक्के वाटा वजा. हाती आले ३५० वॅट-तास, म्हणजे वरच्या फ्रीजची एका दिवसाची भूक जेमतेम. पण त्यातच गंमत आहे: गाडी सावलीत हवी आणि पॅनेल उन्हात. त्यामुळे छतावर चिकटवलेल्या पॅनेलपेक्षा लांब वायरचं, हलवता येणारं पॅनेल मला जास्त कामाचं वाटतं.

पायरी ५: वायर

फ्रीज ‘खराब’ निघाल्याच्या अर्ध्या तक्रारी वायरच्या असाव्यात असा माझा संशय आहे. पुढच्या बॅटरीपासून डिकीतल्या फ्रीजपर्यंत वायर ५ मीटर असेल, तर विजेला जाऊन-येऊन १० मीटर पडतात. तांब्याची वायर १.५ चौरस मिलिमीटर जाडीची असेल आणि ५ अँपिअर वाहत असतील, तर वाटेतच जवळपास ०.६ व्होल्ट गळतात. बॅटरी १२.२ दाखवते, फ्रीजला मिळतात ११.६, आणि बॅटरी निम्मी भरलेली असतानाच फ्रीज रुसून बंद पडतो. तीच वायर ६ चौरस मिलिमीटरची घातली तर गळती ०.१५ व्होल्टवर येते. एका वायरच्या खर्चात केवढा फरक.

गाडीतलं सिगारेट लायटरचं सॉकेट हा दुसरा दुबळा दुवा. खडबडीत रस्त्यावर पिन सैल होते, सैल जोड तापतो, आणि कधी कधी प्लास्टिक वितळतं. शिवाय पुष्कळ गाड्यांत किल्ली काढली की हे सॉकेटच बंद होतं. फ्रीज घेण्याआधी तुमच्या गाडीत मोबाइलचा चार्जर लावून हे तपासा. कायमस्वरूपी वापर असेल तर बॅटरीपासून स्वतंत्र जाड वायर, बॅटरीच्या अगदी जवळ १५ अँपिअरचा फ्यूज, आणि दुसऱ्या टोकाला घट्ट बसणारा अँडरसन पद्धतीचा जोड. दुसरी बॅटरी असेल तर ती चालत्या गाडीत भरायला मध्ये डीसी-डीसी चार्जर, म्हणजे येणारं व्होल्टेज दुसऱ्या बॅटरीला हवं तेवढं करून देणारं यंत्र, लावा. नव्या गाड्यांचे अल्टरनेटर (इंजिनवर वीज बनवणारी यंत्रं) इंधन वाचवायला मधूनच व्होल्टेज उतरवतात, त्यामुळे दोन बॅटऱ्या जोडणाऱ्या नुसत्या रिलेनं, म्हणजे आपोआप चालणाऱ्या स्विचनं, दुसरी बॅटरी पूर्ण भरत नाही. हे काम जाणकार इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या.

पायरी ६: आता लिटर

एकट्याला १५ ते २० लिटर, दोघांना दोन-तीन दिवसांसाठी ३५ ते ४०, चौघांच्या कुटुंबाला ५० च्या आसपास. यापेक्षा मोठा घ्यायचा मोह सगळ्यांनाच होतो. ४० लिटरचा कॉम्प्रेसर फ्रीज रिकामाच १२ ते १८ किलोचा असतो, भरला की दोघांनी उचलायचं ओझं.

लिटरपेक्षा जास्त महत्त्वाची मोजपट्टी. डिकीत जागा मोजताना तीन गोष्टी मोजा: तळाची लांबी-रुंदी, झाकण पूर्ण उघडल्यावरची उंची, आणि हवेच्या जाळ्यांभोवती सोडायची मोकळी जागा, निदान ५ ते १० सेंटिमीटर. ही जागा बॅगांनी बुजली की कॉम्प्रेसर आपलीच गरम हवा पुन्हा ओढतो आणि थांबायचं नाव घेत नाही. मापाचा पुठ्ठ्याचा खोका बनवून डिकीत ठेवून बघा. हास्यास्पद वाटेल, पण झाकण कुठल्या बाजूला उघडायला हवं ते खोक्यासमोर उभं राहिल्यावरच कळतं.

आतही बघा. कॉम्प्रेसरमुळे एका बाजूला उंचवटा असतो, त्यावर उभी बाटली मावत नाही. तुम्ही नेहमी नेता ती बाटली दुकानात घेऊन जा आणि उभी करून बघा. दोन कप्पे, दोन वेगळी तापमानं ही सोय ज्यांना खरंच काही गोठवून न्यायचं आहे त्यांनाच उपयोगी. इतरांच्या हाती दोन लहान कप्पे येतात आणि मोठं भांडं कशातच बसत नाही.

पायरी ७: पाटी वाचा

‘टी’ हे हवामान-वर्गाचं अक्षर शोधा. ‘एन’ वर्गाचा फ्रीज ३२ अंशांपर्यंतच्या हवेसाठी असतो, ‘एसटी’ ३८ आणि ‘टी’ ४३ पर्यंत. उष्ण भागात फिरणाऱ्यांनी ‘टी’पेक्षा कमी घेऊ नये. कोणता कॉम्प्रेसर बसवलाय हेही विचारा. डॅनफॉसनं काढलेला आणि पुढे सेकॉपच्या नावानं बनू लागलेला बीडी-३५ हा यातला जुना जाणता. विक्रेत्याला कॉम्प्रेसरचं नावच सांगता आलं नाही, तर दुरुस्ती आणि सुटे भाग यांबद्दलही त्याच्याकडून फार अपेक्षा नको.

फ्रीजच्या नळ्यांतला, गारवा करणारा वायू आर-६००ए असेल तर तो आयसोब्युटेन, म्हणजे ज्वलनशील. प्रमाण अगदी थोडं असतं, त्यामुळे घाबरायचं कारण नाही, पण आत साचलेला बर्फ सुरीनं खरवडू नका आणि भिंतीत स्क्रू मारू नका. मजबूत कडी, बांधायला जागा असलेली हँडल, तळाशी पाणी काढायचं बूच, आतला दिवा यांना मी मोबाइल ॲपपेक्षा वरचा नंबर देतो.

पायरी ८: घरी रंगीत तालीम

आणलेला फ्रीज वाटेत आडवा झाला असेल, तर सरळ ठेवून काही तास थांबा, तेल जागेवर बसू द्या. मग ज्या बॅटरीवर आणि ज्या वायरनं तो सहलीत चालणार आहे, त्यावरच चोवीस तास चालवा, मध्ये वॅट-तास मोजणारा छोटा मीटर जोडून. तिसऱ्या पायरीतला आपला अंदाज आणि मीटरचा आकडा शेजारी लिहा. फार तफावत आली तर पहिला संशय वायरवर आणि हवेच्या जाळ्यांवर.

आत एक स्वतंत्र थर्मामीटर ठेवा. फ्रीजच्या पडद्यावरचा आकडा सेन्सरच्या जागेचा असतो, दुसऱ्या कोपऱ्यात चार-पाच अंशांचा फरक सहज पडतो. शिजवलेलं अन्न, मांस, दूध ५ अंशांच्या खाली हवं. इन्सुलिन नेणाऱ्यांनी जास्त काळजी घ्यावी: ते २ ते ८ अंशांत ठेवायचं असतं आणि एकदा गोठलं की वापरता येत नाही. भिंतीला लागून किंवा तळाशी ते ठेवू नका, डब्यात घालून मधोमध ठेवा आणि थर्मामीटर त्याच डब्यात.

सहलीत फ्रीज पट्ट्यांनी बांधा. जोरात ब्रेक लागला की तीस किलोची पेटी पुढच्या सीटपर्यंत येते. फ्रीजच्या आत मोकळी जागा राहिली तर ती पाण्याच्या गार बाटल्यांनी भरा. आणि परतल्यावर आतून पुसून, पूर्ण वाळवून, झाकणाच्या फटीत घडी घातलेलं फडकं खोचून ठेवा. मी एकदा तसं न करता तीन आठवडे बंद ठेवला होता. झाकण उघडलं त्या क्षणी घरच्यांनी फ्रीज आणि मी, दोघांनाही गॅलरीत पाठवलं.